वाघ नसलेल्या मुलखात

भंडारा जिल्ह्यात सफारी आधी शिंप्याकडे आली. शर्ट आणि पँट एकाच कापडाची, शर्टाला चार खिसे, बाह्या अर्ध्या. हा जोड अंगावर चढला की नवरदेवाच्या बापापासून विस्तार अधिकाऱ्यापर्यंत कुणाच्याही चालण्यात वजन येई. मग १९९८ साली टाटांची सफारी आली. ती थेट पुढाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. जंगलात हिंडायची सफारी सगळ्यांत शेवटी आली, आणि तीही नागपूर-पुण्याच्या पाहुण्यांसाठी. जिल्ह्यातला माणूस जंगलात जात होताच; पण मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, नाहीतर चुकलेली म्हैस शोधायला. त्याला कुणी सफारी म्हणत नव्हतं.

स्वाहिलीत मात्र सफारी म्हणजे नुसता प्रवास. शब्द अरबीतून आलेला, मराठीतल्या ‘सफर’चा सख्खा भाऊ. नैरोबीहून मोंबासाला मावशीकडे निघालेला माणूसही तिथे सफारीलाच निघालेला असतो, मग वाटेत त्याला सिंह भेटो वा न भेटो.

केनियाला जाणारा भंडाऱ्याचा पर्यटक बहुधा निवृत्त मुख्याध्यापक असतो. ग्रॅच्युइटी हाती आलेली, चारधाम झालेलं, मुलगा पुण्यात, आणि गुडघे अजून साथ देणारे. साकोली तालुक्यातल्याच पिटेझरीच्या फाटकातून नागझिऱ्यात जाता येतं हे त्याला माहीत असतं. किंबहुना इतकं माहीत असतं की तो कधी गेलेलाच नसतो. खुद्द भंडारा शहरापासून वीसेक किलोमीटरवर कोका अभयारण्य आहे. तिथेही त्याने सहल नेलेली असते, पण मुलं मोजण्यातच दिवस गेलेला असतो.

जायचं ठरलं की पहिली परीक्षा चहाच्या टपरीवर होते.

“काजी गुरुजी, आफ्रिकेले जाऊन रायले म्हणते?”

“हो. केनियाले.”

“वाघ त लय असन तिकडं?”

“वाघ नाई जी. आफ्रिकेत वाघ नसतेच. सिंह आहे, चित्ता आहे, गेंडा आहे...”

टपरीवर थोडा वेळ शांतता पसरते. मग कोपऱ्यातून एकजण अगदी काळजीने विचारतो, “मंग इतका पैसा लावून जाऊन रायले कायले?”

गुरुजींकडे याचं उत्तर नसतं. हा प्रश्न ते मुकाट्याने सामानात भरून घेतात.

सामानावर घरात बाईंची सत्ता चालते. चिवडा, शंकरपाळे, लाडू, लोणचं, मेतकूट, आणि या सगळ्यांच्या वेगवेगळ्या पन्न्या. इथे केनियाचं सरकार आडवं येतं. २८ ऑगस्ट २०१७ पासून त्या देशात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि दंड हजारो डॉलरमध्ये किंवा थेट तुरुंग. बंदी महाराष्ट्रातही २०१८ पासून आहे. पण इथली बंदी भाजीवाल्याच्या गाड्याखाली, पन्न्यांच्या गठ्ठ्याशेजारीच, सुखाने नांदत असते. तिकडे विमानतळावर बॅग उघडतात हे कळल्यावर बाईंनी कपाटातला गुरुजींचा जुना सफारी जोड काढला आणि त्याच्या सात पिशव्या शिवल्या. चिवडा शर्टात गेला, लाडू पँटमध्ये. एका पिशवीला तर मूळचा खिसाही तसाच होता. त्यात सुपारी बसली.

दुसरी अडचण पिवळ्या तापाच्या लशीची. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी सुई टोचून घ्यायची आणि पिवळं कार्ड जपून ठेवायचं. गंमत अशी की या कार्डाबद्दल सगळ्यांत कडक असतो तो आपलाच देश. परत येताना ते दाखवता आलं नाही तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवण्याची तरतूद आहे. डासांच्या बाबतीत भंडारा स्वयंपूर्ण असल्याने गुरुजींना हे बारकावे पटायला वेळ लागतो.

तारखेचा प्रश्न धानाने सोडवलेला असतो. मसाई माराचा तो प्रसिद्ध देखावा, लाखो जनावरांनी नदी ओलांडण्याचा, साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात पाहायला मिळतो. जुलैत भंडाऱ्यात रोवणी असते, आणि रोवणी सोडून जनावरं बघायला जाणाऱ्या माणसाकडे गाव जनावर म्हणूनच बघतं. म्हणून रोवणी आटोपून ऑगस्टअखेर निघायचं. त्या वेळी नागझिरा पावसाळ्यामुळे बंद असतो, त्यामुळे ‘घरचं सोडून बाहेरचं’ हा आरोपही लागत नाही.

आफ्रिका म्हणजे ऊन, हे भूगोलाच्या पुस्तकातून गुरुजींनीच तीस वर्षं शिकवलेलं. नैरोबी विषुववृत्ताला चिकटून आहे हे खरं, पण समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर. ऑगस्टात तिथे दुपारी बावीस-तेवीस अंश आणि पहाटे बारा. मे महिन्यात पंचेचाळीस अंश अंगावर घेणारा भंडाऱ्याचा माणूस आफ्रिकेत उतरतो आणि पहिल्याच तासाला कानटोपी मागतो.

“अजी, तुमीच म्हणत होते ना, सुती कपडे घ्या म्हणून?” बाई एवढंच बोलतात आणि शालीचं एक टोक देतात.

परकी भाषा मात्र अनोळखी निघत नाही. रस्त्याकडेच्या पाटीवर ‘दुका’ दिसतं, ते दुकान. ‘गारी’ म्हणजे गाडी. ‘चपाती’ म्हणजे चपाती, ‘चाय’ म्हणजे चहा, ‘सुकारी’ म्हणजे साखर, ‘बिमा’ म्हणजे विमा आणि ‘हबारी’ म्हणजे खबरबात. अरब, गुजराती, कच्छी व्यापारी शतकानुशतकं त्या किनाऱ्यावर ये-जा करत होते; त्यांच्या गोण्यांतून सांडलेले हे शब्द तिथेच रुजले. गुरुजींना वाटतं, आपल्याला स्वाहिली येतेच, फक्त कुणी सांगितलं नव्हतं. ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू हे कळल्यावर तर त्यांना थेट तहसील कार्यालयाची आठवण होते.

हा आत्मविश्वास दुसऱ्याच दिवशी नडतो. स्वाहिलीत तास मध्यरात्रीपासून मोजत नाहीत, उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘साआ मोजा’, पहिला तास. विषुववृत्तावर सूर्य बारा महिने जवळजवळ एकाच वेळी उगवतो, तेव्हा हिशोब चोख आहे. घटका-पळांत वाढलेल्या कुणाही आजोबांना तो पटला असता. पण गुरुजींनी उद्या किती वाजता निघायचं हे हौसेने स्वाहिलीत विचारलं, उत्तर आलं ‘साआ कुमी ना म्बिली’, आणि बोटं मोजून त्यांनी सगळ्या गटाला सांगून टाकलं की उद्या बारा वाजता निघायचंय, झोपा निवांत. गाड्या पहाटे सहाला दारात उभ्या होत्या. पुढचे तीन दिवस गुरुजींना कुणी काही विचारलं नाही.

पैशांच्या बाबतीतही थोडं नमतं घ्यावं लागतं. मोबाइल पुढे करून “आमच्याकडं भाजीवालाही स्कॅन करतो” असं सांगण्याची तयारी करून आलेल्याला कळतं की इथला एम-पेसा २००७ पासून चालू आहे. आपलं यूपीआय २०१६चं. साध्या बटणांच्या फोनवरून ही माणसं तेव्हापासून गावाकडे पैसे पाठवताहेत. मटाटू मात्र लगेच ओळखीची वाटते: रंगरंगोटी केलेली, गाणी लावलेली, चौदा जणांच्या जागेत आणखी चौघांना सामावून घेणारी गाडी. साकोली-लाखनी रस्त्यावर काळी-पिवळीत वाढलेल्या माणसाला मटाटूत चढायला मार्गदर्शक लागत नाही. नावाची हकिकतही काळी-पिवळीला शोभेल अशी आहे. ‘टाटू’ म्हणजे तीन. भाडं एके काळी दहा सेंटची तीन नाणी होतं.

आणि मग मसाई मारा. दीड हजार चौरस किलोमीटर गवत. २०२४ पासून जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी पाहुण्याला इथे दिवसाला २०० डॉलर प्रवेशशुल्क पडतं. गुरुजी मनातल्या मनात रुपये करतात आणि तो दिवस डोळे न मिटता काढायचा असं ठरवतात.

डोळे मिटायची सोयही नसते, कारण सगळं दिसतच असतं. फाटकातून आत शिरल्यावर पाच मिनिटांत झेब्रे. स्वाहिलीत त्याचं नाव ‘पुंडा मिलिया’, म्हणजे पट्ट्यांचं गाढव, हे ऐकून बाईंना झेब्र्याबद्दल आपुलकी वाटते. मग जिराफ, मग हत्ती, मग झुडपाच्या सावलीत पसरलेले आठ सिंह. सिंह दिवसाचे अठरा-वीस तास लोळून काढतो. गाडी सहा फुटांवर थांबली तरी तो एक डोळा उघडतो, गुरुजींना बघतो आणि परत मिटतो. इतक्या सविस्तर दुर्लक्षाचा अनुभव गुरुजींना दहावीच्या शेवटच्या बाकावरच आलेला असतो.

विल्डबीस्ट पाहून मात्र शेतकरी जागा होतो. लांब तोंड, खांद्यावर आयाळ, मागचा भाग उतरता. जरा लांबून बघितलं तर आपला रोहीच. नीलगायीला झाडीपट्टीत रोही म्हणतात आणि त्याचं नाव काढलं की शेतकऱ्याचा रक्तदाब वाढतो. पाच-सात रोही रात्रीतून बांधीत शिरले तर सकाळी पंचनाम्यासाठी धावपळ करावी लागते. आणि इथे सेरेंगेटी-माराच्या पट्ट्यात पाऊस आणि गवत यांच्या मागे फिरणारे तेरा-चौदा लाख! क्षितिजापासून क्षितिजापर्यंत काळी रांग. सगळा गट “वा, वा” करत असताना गुरुजी वाहनचालकाला अतिशय गंभीरपणे विचारतात, “याची नुकसानभरपाई कोण देते?”

वाहनचालकाला प्रश्न समजत नाही. तो म्हणतो, हाकुना मटाटा. काही अडचण नाही.

मारा नदीच्या काठावर दोन तास थांबल्यावर जनावरं एकदाची पाण्यात उतरतात. मगरी असतात, धूळ असते, हंबरडे असतात. बाई डोळ्यांवर पदर घेतात आणि पदराआडून सगळं बघतात. पलीकडे पोचलेली काही जनावरं काठावर उभी राहतात, विचार करतात आणि परत अलीकडे यायला निघतात. हे दृश्य पाहून गटातले एक निवृत्त अभियंते म्हणतात, “आमच्या खात्यात असंच होत होतं.”

तिसऱ्या दिवशी गुरुजी अस्वस्थ होतात. कारण पोटाचं नसतं. सगळं दिसलं आहे. पंचमहाप्राणी म्हणतात ते पाचही दिसले: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस. ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी चालत मारायला सर्वांत अवघड आणि धोक्याची म्हणून निवडलेली. ती यादी अडीच दिवसांत खुर्चीत बसून, शंकरपाळे खात संपली. आता गावाला जाऊन सांगायचं काय? जे गाडीतल्या सहाही जणांना सारखंच दिसलं आणि सहाही मोबाइलमध्ये आहे, त्यात भर घालायला जागाच उरत नाही.

नागझिऱ्याची गोष्ट वेगळी. १९७० साली अभयारण्य झालेलं हे दीडशे चौरस किलोमीटरचं जंगल मोह, साजा, तेंदू आणि बांबूने असं भरलेलं आहे की दहा पावलांवरचा गवाही न कळता निघून जातो. गवताळ रानाला काही लपवता येत नाही. झाडीला काही दाखवता येत नाही. म्हणून झाडीतला माणूस डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबतो. चितळाने दिलेला इशारा, माकडाचा खाकरा, धुळीतला पंजा, वाकलेलं गवत. त्यातून तो वाघ उभा करतो. मार्गदर्शक म्हणतो, “आत्ताच गेला जी,” आणि जिप्सीतल्या सहा जणांना सहा निरनिराळे वाघ न दिसता दिसतात. व्यंकटेश माडगूळकरांना नागझिऱ्यावर अख्खं पुस्तक लिहावंसं वाटलं ते याच रानात राहून.

दोन्हीकडच्या प्रसिद्ध जनावरांच्या चरित्रातही हाच फरक. माराचा ‘स्कार’ नावाचा सिंह, डोळ्यावर जखमेची खूण असलेला, जगभर गाजला. त्याची प्रत्येक लढाई कॅमेऱ्यात आहे, आणि २०२१ मध्ये म्हातारपणाने तो गेला तेही लोकांच्या नजरेसमोर. इकडे नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’. ‘शोले’तल्या जोडीवरून दोघा भावांची नावं जय आणि वीरू. हा जय मधली शेतं, गावं, महामार्ग ओलांडून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात गेला, तिथला राजा झाला, पर्यटकांच्या रांगा लावल्या, गळ्यात रेडिओ कॉलर घातली गेली; आणि एप्रिल २०१६ मध्ये कॉलरचे संदेश थांबले. वनखात्याने शोधलं, गावकऱ्यांनी शोधलं, विषय दिल्लीपर्यंत गेला. जय सापडला नाही. पवनीच्या चहावाल्याकडे मात्र आजही तो अधूनमधून दिसतो. कधी मध्य प्रदेशात, कधी तेलंगणात, आणि दर वेळी आधीपेक्षा हातभर लांब.

गर्दीच्या बाबतीत मात्र दोन्ही देशांत एकमत आहे. मारात एक चित्ता उठून बसला की वीस गाड्या गोल करून उभ्या राहतात आणि चित्त्याला शिकार सोडून आधी पार्किंगचा विचार करावा लागतो. गुरुजी हळहळत असतानाच बाई आठवण करून देतात की आपल्याकडे तरी काय वेगळं? २०२४च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या मधे अडकले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

लेक नाकुरूला तलावांच्या जिल्ह्याचा माणूस तज्ज्ञाच्या थाटात उतरतो. फ्लेमिंगोंनी गुलाबी झालेला काठ तो बघतो, पण त्याची नजर पाण्यावर असते. पाणी खारं, क्षारयुक्त. त्यात वाढणारं शेवाळ खाऊन पक्ष्यांना तो रंग येतो. “म्हंजे शिंगाडे नाई लागत,” गुरुजी निकाल देतात. कोहळ्यांनी खोदलेले माजी मालगुजारी तलाव, त्यातून बांध्यांना मिळणारं पाणी आणि ढिवरांची मासेमारी ज्याने लहानपणापासून पाहिली, त्याला केवळ सुंदर असण्यासाठी एवढं पाणी अडवलेलं पटत नाही. व्हिक्टोरिया सरोवर आपल्या अख्ख्या जिल्ह्याच्या सोळापटींहून मोठं आहे हे कळल्यावर तो थोडा गप्प होतो. मग विचारतो, “गाळ कोण काढते?”

मसाईंच्या वस्तीत मात्र सूर जुळतो. लाल चौकटींची शुका पांघरलेले उंच तरुण जागच्या जागी उड्या मारून नाच दाखवतात. जगातली सगळी गुरं देवाने मुळात मसाईंनाच दिली अशी त्यांची परंपरागत श्रद्धा. म्हणजे दुसऱ्याकडे गाय दिसली तर ती हरवलेली, आणि घेऊन आलो तर ती परत आणलेली. गुरुजींना दिवाळीनंतरचं गायगोधन आठवतं, गाई सजवून नाचणारे गोवारी आठवतात, मंडईत रात्रभर चालणारी दंडार आठवते. ते बूट काढून रांगेत शिरतात आणि तीन उड्या मारतात. चौथी गुडघा मारू देत नाही. बाईंनी काढलेला तेवढाच व्हिडिओ पुढे गावात गाजतो.

मोंबासाच्या रेल्वेत खिडकीबाहेर त्सावोचं लाल मातीचं रान येतं, तेव्हा डबा जरा शांत होतो. जुना लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला तो हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे बत्तीस हजार मजुरांच्या हातांनी. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच दगावले. १८९८ मध्ये त्सावोच्या पुलावर दोन बिनआयाळीच्या सिंहांनी कित्येक महिने मजूर तंबूंतून ओढून नेले. पॅटरसन नावाच्या अधिकाऱ्याने ते मारले, पंचवीस वर्षं घरात अंथरले आणि मग शिकागोच्या संग्रहालयाला विकले. लाखांदूरकडच्या माणसाला ही गोष्ट इतिहासातली वाटत नाही. सीटी-१ या वाघाने गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या जिल्ह्यांत मिळून तेरा माणसं मारली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तो वडशाजवळ पकडला गेला. त्या वर्षी सरपणाला जाताना बायका एकमेकींचे हात धरून जात होत्या. रानाकाठी राहणं आणि रान बघायला जाणं यांत किती अंतर आहे हे त्या डब्यात फक्त एका बाकाला ठाऊक असतं. ते बाक त्या वेळी काही बोलत नाही.

वाहनचालकाने सांगितलेली एक गोष्ट गुरुजी वहीत लिहून घेतात. नैरोबी नुकतं वसत होतं तेव्हा तिथे डॉ. रोझेंदो रिबेरो नावाचे गोव्याचे डॉक्टर होते. ते माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून रुग्णांच्या घरी जात. “पाय,” गुरुजी बाईंना म्हणतात, “आपल्या पीएचसीत डॉक्टर जीप नाई म्हणून येत नाई.”

परतल्यावर टपरीवर चौदाशे छायाचित्रं दाखवली जातात. पहिल्या चाळिसांपर्यंत लोक बघतात. हत्ती आला तेव्हा एकजण म्हणाला, हत्ती तर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात आले होते, गडचिरोलीकडून, साकोली-लाखनीच्या शिवारात. फुकट पाहिले होते. सिंह आला तेव्हा दुसरा म्हणाला, “हा झोपला आहे का मेला?” त्यानंतर सगळे चहाकडे वळले.

ऑक्टोबरात नागझिरा उघडला. आयुष्यात पहिल्यांदा गुरुजी पैसे भरून पिटेझरीच्या फाटकातून आत गेले. साडेतीन तास. दिसलं ते असं: चितळं, एक मोर, दोन गव्यांची पाठ, आणि तळ्याकाठच्या ओल्या मातीत एक पंजा. मार्गदर्शक खाली वाकला, बोटाने कड चाचपली आणि म्हणाला, “वाघीण आहे जी. अर्धा तास झाला असन.” २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडून आणून सोडलेल्या वाघिणींपैकी एखादी असेल, नसेल. तेवढ्यात बांबूच्या मागे काहीतरी मोडल्याचा आवाज आला. जिप्सीत कुणी श्वास घेतला नाही. पुढे काहीच झालं नाही.

संध्याकाळी टपरीवर गुरुजी बसले तेव्हा मोबाइल खिशातच होता.

“दिसला का जी?”

“दिसला नाई,” गुरुजी म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली. “पन आयक...”

कोपऱ्यातला माणूसही जवळ सरकला. चहाचा दुसरा कप येईस्तोवर तो पंजा जेवणाच्या ताटाएवढा झाला होता.